विनताबाई गावाला जातात

विनताबाई खोब्रागडे यांचं गाव पवनी आहे, हे त्यांना नोकरी लागली त्या आठवड्यात कळलं.

त्याआधी त्यांना गाव नव्हतं. म्हणजे जबलपूर होतं. पण जबलपुरात जन्मून, जबलपुरात शिकून, जबलपुरातच लग्न झालेल्या बाईने जबलपूरला गाव म्हणणं म्हणजे स्वतःच्या हाताला नातेवाईक म्हणण्यासारखं होतं. वडील रेल्वेत होते. आजोबा कुठून तरी विदर्भातून आले होते. "आपण वैनगंगेकडले," एवढंच वडील सांगत आणि हाताने एक दिशा दाखवत. ती दिशा दर वेळी एकच असे, असंही नाही.

नवरा, जगदीश, दारूगोळ्याच्या एका कारखान्यात होता. काविळीने गेला तेव्हा आल्हाद रांगत होता. नवऱ्याच्या जागी बायकोला घेतलं गेलं, आणि नव्या बायकांची रांग एका खिडकीसमोर उभी राहिली. खिडकीतल्या बाबूने नाव विचारलं, शिक्षण विचारलं, मग म्हणाला, "होम टाउन?"

"जबलपूर."

बाबूने मान वर केली. "जबलपुर लिखवाओगी तो छुट्टी में जाओगी कहाँ? घर से घर?"

सरकार आपल्या माणसाला अधूनमधून गावी जाऊन यायचं भाडं देतं, हे त्याने समजावून सांगितलं. पण त्यासाठी गाव लागतं, आणि ते दूर असावं लागतं. विनताबाईंना वैनगंगा आठवली. त्यांनी वैनगंगा सांगितली. बाबू म्हणाला, नदी चालत नाही.

रांगेत मागे उभ्या असलेल्या चंपाबाई तेवढ्यात पुढे वाकल्या. "पवनी सांग ना. माझंबी तेच आहे. भंडाऱ्याहून बस चांगली आहे."

"पवनी," विनताबाई म्हणाल्या.

बाबूने लिहून घेतलं. मग पुढल्या बाईचं नाव विचारलं.

*

कारखान्यात विनताबाई ज्या इमारतीत काम करत तिला सगळे डेंजर बिल्डिंग म्हणत. दाराशी एक बुटका लाकडी उंबरा होता. अलीकडे बाहेरचं जग, पलीकडे बारूद. अलीकडे चपला काढायच्या, केसांतल्या पिना काढायच्या, बांगड्या, मंगळसूत्र, सगळा धातू काढून ठेवायचा, आणि पलीकडे पाऊल टाकलं की आतले बूट घालायचे. आत कोणी धावत नसे, कोणी ओरडत नसे. भांडण झालं तरी हळू आवाजात होई, आणि हळू आवाजात भांडण फार वेळ टिकत नाही.

आतला सर्वांत मोठा नियम वेगळाच होता. हातातून काही खाली पडलं तर ते उचलायचं नाही, पायाने सरकवायचं नाही, इकडेतिकडे बघायचं नाही. जागच्या जागी उभं राहायचं, हात वर करायचा आणि मोठ्याने सांगायचं, "पडलं." बाकीचं सुपरवायझर बघून घेई. पडलेलं लपवलं तर ते पुढे कुठेतरी, भलत्याच माणसाच्या हातात, आपलं पडणं लक्षात ठेवतं.

विनताबाईंनी हे नियम पाळले, आणि कारखान्याबाहेरही त्यांची सवय सुटली नाही. कुठलाही उंबरा आला की त्यांचा हात आपोआप केसांतल्या पिनेकडे जाई. लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्यात, एकदा तर बँकेतसुद्धा त्यांनी पिना काढून मुठीत धरल्या होत्या.

त्यामुळे पहिली एलटीसी, म्हणजे बाबूने सांगितलेलं ते गावी जायचं भाडं, मिळाली तेव्हा नियम असा होता की गावाला जायचं, आणि विनताबाई गावाला गेल्या.

*

छोट्या लाईनची गाडी तेव्हा हाऊबागच्या स्टेशनावरून निघत असे. ग्वारीघाट मागे पडला की नर्मदा यायची, मग जंगल, मग नैनपूर, बालाघाट. गाडी इतकी सावकाश जाई की खिडकीतून दिसलेलं झाड ओळखीचं होई आणि मग सोडवत नसे. गोंदियाला मोठी गाडी, भंडाऱ्याहून एसटी. पहिल्या खेपेला चंपाबाई सोबत होत्या. पवनीला उतरल्यावर त्या आपल्या भावाकडे गेल्या. विनताबाईंना त्यांनी एक दिवस जेवायला बोलावलं. भावजयीने वांग्याची भाजी केली, सगळ्यांनी आल्हादचे गाल ओढले, आणि त्यानंतर कोणाला काही बोलायला सुचलं नाही.

विनताबाई बस स्टँडजवळच्या सुखराम लॉजमध्ये उतरल्या होत्या. सुखराम तेव्हा तरणा होता आणि लॉजच्या तीन खोल्यांपैकी एकीत स्वतःच राहत होता.

गावी गेल्यावर लोक जे करतात त्यातलं विनताबाईंना काहीच करता येईना. भांडायला भाऊबंद नव्हते. रुसायला जाऊ नव्हती. बांधावरून वाद घालायला शेत नव्हतं आणि दुपारी लोळायला ओसरी नव्हती. आणि रजा तर उरली होती. म्हणून मुलाला कडेवर घेऊन त्या गाव पाहायला निघाल्या.

पवनी पाहण्यासारखं निघालं, हे त्यांचं नशीब. जुन्या किल्ल्याचा दगडी दरवाजा होता, त्यातून सायकली आणि बकऱ्या सारख्याच निर्विकारपणे जात. खंदकात पाणी होतं. नदीला घाट होते, एकामागून एक, आणि प्रत्येकावर कोणीतरी कपडे धूत होतं. पाच तोंडांचा गणपती होता. विणकरांच्या आळीतून माग खटखटत. आणि जगन्नाथ टेकडी होती, वर देऊळ, आणि देवळाच्या पायाशी खणून काढलेला फार फार जुना स्तूप. विटांच्या काही ओळी आणि पुष्कळ गवत. विनताबाई तिथे गेल्या, पिना काढल्या, चपला काढल्या. वरच्या देवळाकडे पाठ झाली तरी चालेल अशा बेताने उभ्या राहून त्यांनी मातीला हात लावला आणि तोच कपाळाला. आल्हादने गवत खाल्लं. वारा होता.

पुढच्या एलटीसीला चंपाबाई आल्या नाहीत. मग त्या रिटायर होऊन मुलीकडे रायपूरला गेल्या. विनताबाई जातच राहिल्या. छोटी लाईन बंद झाली, मोठी आली, गाडीतून झाडं आता ओळखीची होईनात, तरी त्या जात राहिल्या. नोकरी संपली, भाडं मिळणं संपलं, तरी एकदा सवयीने जाऊन आल्या. बाकीच्या बायका रजेवरून परत येताना गावची हळद, गावच्या मिरच्या, गावच्या तक्रारी आणत. विनताबाई मिरच्या आणत.

एकच गोष्ट त्यांच्याकडून झाली. आल्हाद शाळेत जायला लागला त्या वर्षी, किल्ल्याच्या भिंतीकडून परतताना, त्याने विचारलं, "आई, सगळ्यांचं गावाला घर असतं. आपलं कुठे आहे?"

उन्हं कलली होती. गल्लीत एका घराला निळं दार होतं, नुकतंच रंगवलेलं.

"ते होतं," विनताबाई म्हणाल्या.

आल्हाद दाराकडे बघत राहिला. पुढच्या वर्गात त्याने 'मेरा गाँव' हा निबंध लिहिला आणि त्यात निळं दार घातलं. सरांनी तो सगळ्या वर्गाला वाचून दाखवला.

*

आल्हाद विजेच्या कंपनीत लागला, विजय नगरात दोन खोल्यांचं स्वतःचं घर झालं. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी आले, आणि नागपूरच्या परिचय मेळाव्यात आल्हादला वैभवी गजभिये आवडली. वैभवीलाही तो आवडला, असं तिने तीन महिने फोनवर बोलून ठरवलं. तिचे आईवडील हो म्हणून बसले होते. पण गजभियांच्या घरात शेवटचं हो राधाबाई म्हणत. राधाबाई ही वैभवीची आजी.

राधाबाईंनी व्हिडिओ कॉलवर विनताबाईंना नीट पाहून घेतलं. मग विचारलं, "मूळचे कुठले?"

"पवनीचे," आल्हाद आईच्या आधी म्हणाला. "आपलं घर किल्ल्याजवळ होतं. निळं दार आहे."

पलीकडे राधाबाईंचा चेहरा उजळला. "बापा! अन् माहं माहेर अड्याळ. पवनीच्या रस्त्यावरच हाय." मग तो चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला. "मग मले पवनी दाखवा. घर पाहून पोरगी देऊ नये बाई. घर लोक रंगवून ठेवतात. गाव पाहून द्यावी. गावाले कोण रंग मारते?"

"जरूर," आल्हाद म्हणाला.

कॉल संपल्यावर विनताबाई स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी ओट्यावरची सगळी भांडी आवाज न करता एकेक करून मांडणीवर ठेवली. शेजारच्या अंजनीबाई, कारखान्यात त्यांच्याच बाजूला उभ्या राहणाऱ्या, डबा परत द्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काय झालं?"

"पवनी बघायला येऊन राहिले."

अंजनीबाईंना सगळं माहीत होतं. त्यांनी डबा ओट्यावर ठेवला. "मग सांगून टाक."

"अजून पडलं नाही ना," विनताबाई म्हणाल्या. "हातातच आहे."

*

राधाबाई नागपूरहून आल्या, नातीला घेऊन. बसमधून उतरताच त्यांनी नऊवारीचा काष्टा सारखा केला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "हं. चाला."

विनताबाईंनी मनाशी बेत केला होता. निळं दार सर्वांत शेवटी ठेवायचं. तोवर ऊन वाढेल, म्हातारीचे पाय दुखतील, आणि बसची वेळ होईल. म्हणून त्यांनी किल्ल्याच्या दरवाजापासून सुरुवात केली. दरवाजा किती जुना, कमान कशी, पूर्वी तटबंदी कुठवर होती, सगळं सांगितलं. खंदक दाखवला. मग विणकरांची आळी. मग पाच तोंडांचा गणपती, त्याची पाचही तोंडं. मग टेकडी. टेकडीवर राधाबाईंनी मातीला हात लावला आणि बराच वेळ बसल्या. विनताबाईंना वाटलं, इथेच संध्याकाळ होईल तर बरं. झाली नाही.

मग घाट सुरू झाले. पहिला घाट, दुसरा घाट, पायऱ्यांवर कोरलेलं काय काय, पुराचं पाणी कुठवर येतं. आल्हाद खूश होता. तो वैभवीला म्हणाला, "पाहिलंस, आईला सगळं माहीत आहे. असली गाववाली."

तिसऱ्या घाटावर राधाबाई पायरीवर बसल्या.

"थकल्या का आजी?" वैभवीने विचारलं.

"नाही." राधाबाईंनी नदीकडे पाहिलं. पाणी संथ होतं, पलीकडे एक होडी उलटी घालून ठेवली होती. "बाई, तुम्हीबी बसा. एक गोष्ट सांगते."

विनताबाई बसल्या.

"माह्या अड्याळले पाहुणा आला तं मी त्याले काय दाखवते, ठाऊक हाय? हे गणपतचं घर, त्याची बायको कोणाशी पटवून घेत नाही. ते शेवंताचं, तिचं पोरगं पुण्याले, फोन करत नाही. हा पिंपळ, याच्याखाली माह्या काकानं दारू सोडली अन् पुन्हा धरली. अड्याळलेबी पहाडी हाय, देऊळ हाय. लोक दुरून पाहाले येतात. मी आजवर कोणालेच नेलं नाही." त्या थांबल्या. "सकाळपासून तुम्ही मले दरवाजा दाखवला. खंदक दाखवला. गणपती दाखवला, आपला नाही तरी दाखवला. घाट तं मोजता येत नाही एवढे दाखवले. पण एका माणसाचं नाव नाही घेतलं. कोणी तुम्हाले थांबवून विचारलं नाही का पोराचं लग्न कधी करता. बाई, असं गाव पाहुणा दाखवते. तुम्ही इथल्या नाही."

पलीकडच्या घाटावर कोणीतरी चादर आपटत होतं आणि तिचा आवाज आपटल्यानंतर थोड्या वेळाने ऐकू येत होता.

विनताबाईंनी उजवा हात वर केला.

आल्हाद गोंधळला. "आई, हात काहून वर केला?"

"पडलं," विनताबाई म्हणाल्या.

त्यांनी हात तसाच ठेवून सांगितलं, जागचं न हलता, कोणाकडे न बघता. आपण जबलपूरच्या. वडील जबलपूरचे. आजोबांचं माहीत नाही. बाबूने गाव विचारलं आणि चंपाबाई म्हणाल्या, पवनी सांग, बस चांगली आहे.

राधाबाईंनी यावर विचार केला. "बस हाय चांगली," त्या म्हणाल्या.

"आणि ते निळं दार?" आल्हादचा आवाज बारीक झाला होता, शाळेत होता तसा.

"रंग चांगला होता," विनताबाई म्हणाल्या. मग त्यांना वाटलं, एवढं पुरणार नाही. पण आणखी काही सापडलं नाही. त्यांनी हात खाली घेतला.

वैभवीला हसू फुटलं. बाकी कोणी हसत नाही हे पाहून तिने पदराने, म्हणजे ओढणीने, तोंड पुसलं.

राधाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "चाला. चहा घेऊ. पवनी पाहून झाली."

चहा सुखरामच्या लॉजखालीच घेतला. सुखराम आता पांढरा झाला होता. त्याने विनताबाईंना पाहून खुर्च्या पुसल्या. "या वेळी पाहुणे? राहून राहिले ना बाई?"

"नाही," विनताबाई म्हणाल्या.

"या बाईले तुम्ही कसे ओळखता?" राधाबाईंनी त्याला विचारलं.

"लय वर्षांपासून येऊन राहिल्या. हा साहेब गवत खात होता तवापासून." त्याने आल्हादकडे बोट केलं. "त्यांचं इथं कोणीच नाही. तरी येतात, मुक्काम करतात, घाट पाहून जातात."

"तुम्ही विचारलं नाही कधी, कायले येता म्हणून?"

"गिऱ्हाइकाले कोणी विचारते का, कायले आला?" सुखरामने कप पुढे सरकवले. "येऊन राहिले ना, मग?"

राधाबाईंनी बशीत चहा ओतला आणि प्यायला. लग्नाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. अड्याळला उतरून त्या माहेरी गेल्या, वैभवी मागोमाग उतरली, खालूनच तिने खिडकीतल्या आल्हादकडे पाहिलं. बस सुटली.

*

जबलपूरला परतल्यावर आल्हाद आईशी बोलत होता, पण फक्त लागेल तेवढं. मीठ दे. दार लाव. दूधवाल्याला उद्या नको म्हण. एकदा मात्र जेवताना ताटावरून मान वर न करता तो म्हणाला, "ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे मी पवनीचा. आता काय सांगू?"

"आता तिथलं सगळं पाहिलेलं आहेच तुझं," विनताबाई म्हणाल्या.

"आई, यार."

"निबंध चांगला होता," त्या हळूच म्हणाल्या.

वैभवीचा फोन रात्री येत असे तो येई, पण आल्हाद गच्चीवर जाऊन बोले आणि खाली आल्यावर चेहऱ्यावर काही नसे. विनताबाई विचारत नसत. त्यांच्या मते पडलेली वस्तू सुपरवायझरच्या ताब्यात गेली होती. आता उभं राहायचं. पण उभं राहणं या वेळी जड जात होतं. भाजी चिरताना त्यांचा हात मधेच थांबे. मुलाचं लग्न आपल्या एका बसच्या सोयीपायी मोडणार, हे त्या रोज थोडंथोडं स्वतःला सांगत होत्या, म्हणजे एकदम ऐकायला लागणार नाही.

मग एका संध्याकाळी आल्हाद फोन घेऊन खाली आला तो जिन्यातच बोलत होता. "आई, आजी येऊन राहिल्या. इथे. म्हणाल्या, पवनी राहू दे, तुमचं गाव दाखवा म्हणावं."

"कधी?"

"शनिवारी, वैभवीला घेऊन. मदन महालच्या स्टेशनावर उतरतील."

विनताबाई तशाच अंजनीबाईंकडे गेल्या. "जबलपूर दाखवायचंय. काय दाखवू?"

"भेडाघाट," अंजनीबाई म्हणाल्या. "आपल्याकडे दुसरं काय आहे? नावेत बसव. नावाडी सगळं बोलतो, तुला तोंड उघडायलाच नको. तसंही तू उघडलं की काहीतरी होतं."

विनताबाईंनी भेडाघाट शाळेच्या सहलीत पाहिला होता आणि त्या दिवशी त्यांना उलट्या झाल्या होत्या. त्यांनी रविवारसाठी गाडी सांगून ठेवली. आल्हादच्या मोबाइलवर धुवांधार धबधब्याची उंची वाचून पाठ केली.

रविवारी सकाळी राधाबाई आंघोळ करून, पावडर लावून बसल्या. गाडी दहाला येणार होती. "तोवर मले एक सुती पातळ घ्याचं हाय," त्या म्हणाल्या. "इथं बाजार कुठं?"

"बडा फुहारा आहे. पण मग उशीर..."

"गाडी थांबते. पातळ थांबत नाही."

ई-रिक्षातून चौघं निघाले. विनताबाईंचं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. राधाबाई विचारत, हे काय, ते काय, आणि त्या लवकर लवकर सांगून टाकत, मुख्य पाहायचं तर पुढेच होतं. "ते काही नाही, मेडिकल आहे. मालकाच्या मुलीने पळून जाऊन लग्न केलं, तेव्हा दोन वर्षं तिच्याशी बोलला नाही. आता जावई दुकानात बसतो आणि मुलगी रुसून माहेरी. ही गल्ली? इथे राखी राहते, आमच्या सेक्शनची. तिचा नवरा गातो. नाही, चांगलं नाही गात. तो ओटा दिसतो ना, तिथे आल्हादचे पप्पा संध्याकाळी मित्रांबरोबर उभे राहायचे. बसायचे नाहीत, पँटला डाग पडतो म्हणून. मी इकडून भाजी घेऊन यायचे आणि ते मला ओळखत नसल्यासारखं करायचे."

"काहून?" राधाबाईंनी विचारलं.

"मित्र चिडवायचे."

आल्हाद पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता. तो मागे वळून आईकडे बघत राहिला. हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. त्या ओट्यावरून तो हजारदा गेला होता.

फुहाऱ्याशी उतरल्यावर चालणं कठीण झालं, कारण दर चार पावलांवर कोणीतरी थांबवत होतं. "दीदी, घुटना कैसा है?" "आल्हाद की शादी का क्या हुआ?" एका म्हातारीने तर आल्हादचा कान धरला. कापडाच्या दुकानाशी पोचल्या तेव्हा विनताबाई कुजबुजल्या, "इथे माझ्या लग्नाचा शालू घेतला होता. पहिल्याच धुण्यात रंग गेला. मालक अजून मला पाहिलं की आत जातो."

मालक आत गेला. मग म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला पाहून पुन्हा बाहेर आला. "आइए खोब्रागडे दीदी। ये कौन, समधन हैं?"

"अभी नहीं," विनताबाई म्हणाल्या.

राधाबाईंनी काही ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांनी गठ्ठ्यातलं पातळ काढलं, कोपरा चुरगळून पाहिला, आणि मालकाला विचारलं, "रंग जाईल का?"

"इसका नहीं जाएगा, अम्मा।"

"यांचा गेला म्हणतात."

"वो पुरानी बात है," मालक म्हणाला आणि दर कमी केला.

घरी पोचेपर्यंत दुपार झाली होती. गाडीवाला तासभर थांबून निघून गेला होता. विनताबाई दारातच थबकल्या. सगळा बेत गेला. भेडाघाट नाही, नाव नाही, नावाडी नाही. उद्या सकाळची राधाबाईंची गाडी होती. त्यांनी घाईघाईने म्हटलं, "संध्याकाळी जाऊ. धुवांधार संध्याकाळी पण..."

"भूक लागली," राधाबाई म्हणाल्या. "तुमच्या त्या अंजनीबाईले बोलवा जेवाले. तिचं नाव सकाळपासून ऐकून राहिली."

दुपार अंजनीबाईंनी खाल्ली. संध्याकाळही.

*

सोमवारी सकाळी मदन महालच्या स्टेशनाकडे जाताना रिक्षा एका वळणावर हळू झाली, आणि झाडांच्या वर टेकडी दिसली. खडकांचे काळे गोल ढीग, आणि अगदी वर, एका प्रचंड शिळेवर बसलेली जुनी दगडी वास्तू.

"ते काय हाय?" राधाबाईंनी विचारलं.

"मदन महाल. किल्ला."

"कसा हाय?"

"चांगला असेल," विनताबाई म्हणाल्या. "मी गेले नाही."

"कधीच नाही?"

"तिथे एका दगडावर दुसरा दगड तोलून उभा आहे म्हणतात. तोपण नाही पाहिला. पडला असता तर कळलं असतं." त्यांना एकदम फार लाज वाटली. जन्म इथे गेला, आणि पाहुणीला दाखवायला एक किल्ला धड माहीत नाही. "आजी, अजून वेळ आहे. रिक्षा वळवू का? वर जाऊन येऊ."

राधाबाईंनी टेकडीकडे पाहिलं. मग शेजारी बसलेल्या नातीकडे, जी आल्हादच्या पाठीकडे बघत होती. मग त्यांनी कालच्या पातळाची पिशवी मांडीवर नीट ठेवली.

"साखरपुडा नागपूरले करू," त्या म्हणाल्या. "लग्न इथं, तुमच्या गावात. अंजनीबाईले सांगा, पोळ्या तिच्या हातच्या. अन् किल्ला आपण लग्न झाल्यावर पाहू."

"आत्ता का नको?"

"आता पाह्यला," राधाबाई म्हणाल्या, "तं तुम्ही दाखवाले लागाल."

विनताबाईंनी मान हलवली. रिक्षा स्टेशनाशी थांबली. फलाटाच्या दारातून आत जाताना त्यांचा हात केसांकडे गेला, पिना काढल्या, मुठीत धरल्या. राधाबाईंनी पाहिलं आणि विचारलं नाही.